कॉलनीचं, रस्त्याचं नाव कुठून आलं हे शोधताय? अर्थापासून सुरुवात करू नका

गणपतीच्या स्मरणिकेत, सोसायटीच्या सिल्व्हर ज्युबिलीला किंवा शाळेच्या प्रोजेक्टमध्ये "आपल्या भागाचं नाव कसं पडलं" असा एक लेख असतोच. आणि बहुतेक वेळा तो चुकलेला असतो, कारण लिहिणारा आधी नावाचा अर्थ लावतो आणि मग त्या अर्थाला शोभेल अशी गोष्ट हुडकतो. चिकलठाणा म्हणजे चिखल, गारखेडा म्हणजे गारा, झालं काम! असेलही तसं, पण कागद कुठंय? मी स्वतः या चुकीत तोंडावर पडलोय, ते खाली येईलच.

या लेखात फक्त शोधायचं कसं आणि कोणत्या क्रमाने एवढंच आहे. उदाहरणं मुख्यतः छत्रपती संभाजीनगरच्या बाहेरच्या वस्त्यांची आहेत, पण पद्धत नांदेड, लातूर, परभणी कुठंही चालेल. अख्ख्या पद्धतीचा कणा एकच: हे नाव कागदावर पहिल्यांदा कधी आलं ती तारीख आधी, अर्थ सगळ्यात शेवटी.

तयारी

एका वेळी एकच नाव घ्या. "सातारा-देवळाईतल्या सगळ्या कॉलन्यांची नावं" असा विषय घेतला की तिसऱ्या रविवारी वही कपाटात जाते, मी पाहिलंय. एक कॉलनी नाहीतर एक चौक, बस.

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा: काय कळलं, कोणी सांगितलं किंवा कुठल्या कागदात दिसलं, त्या कागदाची तारीख, आणि आपण ते कोणत्या दिवशी पाहिलं. हा चौथा रकाना सगळे गाळतात, आणि सहा महिन्यांनी ती फाईल परत काढायची वेळ आली की डोकं धरून बसतात. मोबाईलवर फोटो काढलात तरी वहीत नोंद करा, गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये सातबारा हरवतो.

टप्पा १: नावाची सगळी रूपं गोळा करा

एकाच जागेला तीन-चार नावं असतात. पाटीवर एक, लाइट बिलावर दुसरं, आधार कार्डावर तिसरं, आणि रिक्षावाला जे म्हणतो ते चौथं. जालना रोडवरून रेल्वे स्टेशनकडे जाताना रिक्षावाल्याला "महावीर चौक" म्हणून बघा, तो क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, "अच्छा, बाबा पेट्रोल पंप!" ही दोन नावं म्हणजे दोन वेगळे शोध आहेत, एक ठरावातून आलंय आणि एक पंपावरून. दोन्ही एकाच लेखात कालवली की वाट लागते.

शहराचं नावही बदललंय हे विसरू नका. २०२३ च्या आधीचे कागद औरंगाबाद नावाने आहेत, त्यामुळे ऑनलाइन शोधताना किंवा ऑफिसात यादी चाळताना दोन्ही नावांनी बघायचं, इंग्रजी स्पेलिंगं तर पाच-सहा प्रकारची निघतात. धाराशिवचंही तेच, जुना कागद उस्मानाबादमध्येच सापडणार.

चेक: वहीत किमान तीन रूपं आली का? एकच आलं असेल तर अजून दोन घरांची लाइट बिलं बघा.

टप्पा २: नाव कोणत्या जातकुळीचं आहे ते ओळखा

हे आधी केलं की पुढचे हेलपाटे वाचतात, कारण प्रत्येक जातकुळीचा कागद वेगळ्या ठिकाणी असतो.

जुनी गावं शहराने गिळलेली: मुकुंदवाडी, हर्सूल, पडेगाव, मिटमिटा, नारेगाव. ही नावं कॉलनीच्या कितीतरी आधीची आहेत, महापालिकेत यांचं मूळ सापडणार नाही, महसूल खात्याकडे जावं लागेल.

पुरे: पदमपुरा, कर्णपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. ही मोगल काळातली उपनगरंच म्हणा ना. औरंगजेबाच्या फौजेतल्या राजपूत सरदारांची नावं आहेत यांत, कर्णपुरा बिकानेरच्या कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा म्हणजे पदमसिंहाचा, भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंहाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा. यांच्यासाठी निजामाच्या काळात १८८४ साली छापलेलं औरंगाबादचं गॅझेटियर बघायचं, सातबारा नाही. पण नावाच्या शेवटी "पुरा" दिसला की लगेच सरदार शोधू नका, नंतरच्या काळातही लोकांनी "पुरा" जोडलाय.

खुणेवरून पडलेली नावं: टीव्ही सेंटर, आकाशवाणी चौक, सूतगिरणी चौक, वोखार्ट चौक. यात गंमत अशी की खूण जाते आणि नाव राहतं. गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकात आज एखाद्या कॉलेजच्या पोराला गिरणी कुठंय विचारा, तो इकडंतिकडं बघतो. इथं शोध नावाचा नसतो, ती खूण कधी आली आणि कधी गेली याचा असतो.

आणलेली नावं: सिडकोतलं कॅनॉट. इथं लोक हमखास "कॅनॉट कोण होता" असं शोधत बसतात आणि इंग्रज ड्यूकपर्यंत पोचतात. तो ड्यूक दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचा. आपल्याकडं आलंय ते दिल्लीच्या बाजाराचं नाव, म्हणून आपला प्रश्न वेगळा आहे, दिल्लीचं नाव इथं कोणी आणि कधी आणलं. बाहेरून आलेलं कुठलंही नाव असू द्या, प्रश्न इथला विचारायचा.

दिशेची नावं: पैठण गेट, दिल्ली गेट, जालना रोड, लातूरला औसा रोड, बार्शी रोड. रस्ता जिकडे जातो ते नाव. यात फार खोदण्यासारखं नाही, पुढं चला.

प्लॉटिंगची नगरं: ही सगळ्यात जास्त आहेत आणि सगळ्यात जास्त चुका यातच होतात. शेत अकृषिक झालं किंवा झालंच नाही, गुंठ्या-गुंठ्याने विकलं गेलं (एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकरात ४०), आणि विकणाऱ्याने पाटी लावली, अमुकनगर.

सावधान: सिडको-हडको हे नाव नुसतं घेऊ नका, नांदेडातही सिडको-हडको आहे. वहीत शहराचं नाव प्रत्येक पानावर टाका. पंढरपूरचंही तसंच, वाळूजजवळ पंढरपूर आहे, विठ्ठलाचं देऊळ आहे, आषाढीला गर्दी असते, आणि नेटवरची अर्धी माहिती सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरची निघते.

टप्पा ३: आधी घरातले कागद

ऑफिसात पळू नका. कॉलनीतल्या जुन्या तीन-चार घरांत जा आणि पहिलं खरेदीखत दाखवता का म्हणून विचारा. झेरॉक्स मागू नका, लोक बिचकतात, जागेच्या कागदांचं सगळ्यांनाच टेन्शन असतं. समोर बसून बघायचं आणि फक्त तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: तारीख, सर्वे किंवा गट नंबर, आणि चतुःसीमेच्या आसपास कॉलनीचं नाव कसं लिहिलंय.

आता माझी फजिती. आमच्या भागात एक लक्ष्मीनगर आहे (लक्ष्मीनगर नाही असं गाव दाखवा मला). मी मंडळाच्या स्मरणिकेत छातीठोक लिहिलं की लक्ष्मीच्या मंदिरावरून नाव पडलं. फोटोसकट छापलं. मग दोन महिन्यांनी गल्लीतल्या काकूंनी पत्र्याच्या पेटीतून खरेदीखत काढलं, डांबरगोळ्यांचा वास, हिरवट स्टॅम्प पेपर, घडीवर फाटलेला, आणि त्यात १९८४ साली स्पष्ट लिहिलेलं "लक्ष्मीनगर ले-आउटमधील प्लॉट". मी देवळात गेलो, पायरीजवळची कोनशिला ऑइल पेंटने बुजलेली होती, ओल्या फडक्याने आणि नखाने खरवडली तर शके १९१८. शकात ७८ मिळवा, १९९६. देऊळ नावानंतर बारा वर्षांनी आलं होतं! नावावरून देऊळ बांधलं गेलं होतं, देवळावरून नाव नाही. नंतर कळलं की प्लॉट पाडणाऱ्याच्या आईचं नाव लक्ष्मी.

म्हणून देऊळ, दर्गा, शाळा, पुतळा यावरून नाव पडलं असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न: आधी काय आलं?

चेक: सगळ्यात जुना कागद आणि त्याची तारीख वहीत आहे? नसेल तर पुढचा टप्पा घेऊ नका.

टप्पा ४: सातबारा आणि त्याच्या मागचं

नंबर मिळाला की सातबारा काढा. ऑनलाइनचा आजचा उतारा पुरत नाही, जुना हस्तलिखित हवा. त्यात दोन जागा बघायच्या. एक, "शेताचे स्थानिक नाव" असा रकाना असतो. बऱ्याचदा कोरा, पण भरलेला असला तर लॉटरी, कारण शेताला लोक जे म्हणायचे तेच पुढं वस्तीला चिकटलेलं असतं. दोन, मालकांच्या नावांपाशी गोलात लिहिलेले आकडे. ते फेरफार नंबर. एकेक फेरफार काढत मागं जायचं, कोणाकडून कोणाकडे आणि कधी गेलं ते कळतं.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे सर्वे नंबर आणि गट नंबर एकच समजणं. शेतांचं एकत्रीकरण झालं (विखुरलेले तुकडे जोडून गट केले) तेव्हा नंबर बदलले. खरेदीखतात सर्वे नंबर ४२ आहे म्हणून तुम्ही गट नंबर ४२ चा उतारा काढला तर भलत्याच माणसाच्या शेतात पोचाल आणि त्याच्या आजोबांवर लेख लिहून मोकळे व्हाल. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेचा उतारा मागा, बोलीत नऊ-तीन नऊ-चारचा उतारा म्हणतात, त्यात जुना नंबर आणि नवा गट नंबर जुळवून मिळतो.

आणखी मागं जायचं तर १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे शेतवार जमिनीच्या नोंदींचा कागद. मराठवाड्यात हे फार उपयोगी पडतं, आणि बाकी महाराष्ट्रातल्या मित्रांचं मार्गदर्शन इथं कामाचं नाही, त्यांच्याकडं रेकॉर्डची पद्धतच वेगळी. त्याच्याही मागं गेलात तर निजाम राजवटीचे कागद उर्दूत असतात, इनाम जमीन असेल तर मुंतखब (इनामाच्या हक्काचा निर्णय) निघतो, काही कागद मोडीत. स्वतः अंदाजाने वाचू नका. उर्दू वाचणारी माणसं आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत, कोणाला तरी चहा पाजा. मोडीचा मात्र जाणकारच लागतो.

त्या कागदांवरची सालं फसली सनातली असतात, म्हणजे शेतसाऱ्यासाठीच्या जुन्या कालगणनेतली. हैदराबाद राज्याच्या फसलीत ५९० मिळवायचे, आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. म्हणजे १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. मी एका लेखात १३४० हे हिजरी समजून लावलेलं पाहिलंय, काळ दहाएक वर्षांनी घसरला होता.

टप्पा ५: माणसांशी बोला, पण आता

लोक हा टप्पा पहिला करतात म्हणून फसतात. तुमच्याकडे एक तारीख आणि एक नंबर आल्यावरच म्हाताऱ्या माणसांकडे जा, म्हणजे त्यांची आठवण कुठं बसते ते तुम्हाला कळेल.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "काका, हे नाव त्या देवळावरून पडलं ना?" असं विचारलं की काका हो म्हणणार, तुम्ही पाव्हणे, तुमचं मन कशाला मोडायचं. त्यापेक्षा असं विचारा:

"तुम्ही इथं राहायला आलात तेव्हा या भागाला काय म्हणायचे?"
"पत्र यायचं तर पत्ता काय टाकायचे?"
"इथं आधी काय पिकायचं, शेत कोणाचं होतं?"
"पाटी पहिल्यांदा कधी बघितली?"

पत्राच्या पत्त्याचा प्रश्न मला एका आजीमुळे सुचला. त्यांना नावाबद्दल काही विचारलं की "कामून इचारतो रे बाबा, जमिनीचं काही हाय का?" असं म्हणून गप्प व्हायच्या. पण भावाची पत्रं कशी यायची म्हटलं तर उठून आतून एक आंतर्देशीय पत्रच घेऊन आल्या, पत्ता गावाच्या नावाने आणि कोणाच्या तरी मळ्याच्या नावाने, कॉलनीचं नाव कुठंच नाही. त्यावर पोस्टाचा शिक्का, तारखेसकट! एवढा पक्का पुरावा मला एकाही ऑफिसात मिळालेला नाही.

कमीत कमी तीन माणसं, आणि ती एकमेकांच्या घरातली नकोत. एकाच कुटुंबातल्या तिघांनी सांगितलं म्हणजे एकानेच सांगितलं. त्यातला एक तरी दुसऱ्या समाजाचा किंवा शेजारच्या वस्तीचा असावा, कारण शेजारचे लोक तुमच्या वस्तीला जे नाव ठेवतात ते बऱ्याचदा जास्त जुनं असतं. पोस्टमन, जुना पेपरवाला, पिठाची गिरणी चालवणारा, यांना सोडू नका. बिल्डर आणि माजी नगरसेवक यांना शेवटी भेटा, ते नाव आपणच दिलं म्हणतात.

सावधान: रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. आणि जागेवर वाद किंवा कोर्टकेस चालू असेल तर तिथं वही मिटून सरळ निघून या.

टप्पा ६: ठराव शोधा

रस्त्याचं किंवा चौकाचं अधिकृत नाव असेल तर ते ठरावाने आलेलं असतं. पण कोणाच्या ठरावाने? इथं वर्ष बघावं लागतं. महापालिका १९८२ ची, त्याच्या आधी नगरपालिका. सिडकोचा भाग महापालिकेकडे २००६ साली आला, त्याच्या आधीचं सिडकोकडे. सातारा-देवळाई तर त्याहूनही उशिरा आत आले, त्याआधी ग्रामपंचायत होती, मग थोडे दिवस नगर परिषद. चुकीच्या ऑफिसात अर्ज केला की "आमच्याकडे अभिलेख उपलब्ध नाही" असं एक ओळीचं उत्तर येतं आणि लोक समजतात की ठरावच झाला नाही. मलाही एकदा एका कार्यालयाने असंच उत्तर दिलं, तीन महिने मी तेच खरं मानून बसलो, नंतर तोच ठराव दुसऱ्या ठिकाणी बाडात निघाला.

आधी तोंडी विचारा, नगरसचिव विभागात सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं असतात. नाही जमलं तर माहिती अधिकार. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. आणि "या चौकाला हे नाव का दिले?" असं विचारू नका. "का" विचारलं की अर्ज परत येतो, ते असलेली माहिती देतात, नावामागचं कारण शोधून देत नाहीत. असं लिहा: "अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याच्या नामकरणाबाबत सन १९९० ते १९९८ या काळात सर्वसाधारण सभेत झालेल्या ठरावाची, त्यासोबतच्या प्रस्तावाची व सूचक-अनुमोदकांच्या नोंदीची प्रत मिळावी." वर्षं टाकायचीच, म्हणूनच तर टप्पा तीन आणि पाच आधी केले. आणि प्रस्ताव मागायला विसरू नका, ठरावात नुसतं "मंजूर" असतं, नाव का हे प्रस्तावात असतं.

एप्रिल २०२० नंतर बराच काळ महापालिकेवर प्रशासक होता, तेव्हाचे निर्णय प्रशासकीय ठराव म्हणून वेगळे ठेवलेले असतात, तसे मागा.

टप्पा ७: जागेवर फिरा

सकाळी लवकर, पायी. कोनशिला, हातपंपावर कोरलेली सालं, शाळेच्या भिंतीवरचं स्थापना वर्ष, लाइटच्या जुन्या डीपीवर रंगवलेलं नाव, दुकानांच्या पाट्या. पाट्यांचे थर असतात, नव्या फ्लेक्सच्या मागं पत्र्याची जुनी पाटी बऱ्याचदा तशीच असते. घरी येऊन गूगल अर्थमध्ये जुनी छायाचित्रं बघा, वस्ती कोणत्या साली उगवली ते दिसतं, पण जुनी चित्रं फार मागं जात नाहीत. त्याआधीसाठी सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे. नाला, विहीर, गाडीवाट यांच्यावर बोट ठेवत जा, रस्ता वाकडा का आहे ते कळतं.

टप्पा ८: पक्कं काय आणि ऐकीव काय

आता वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढं एक अक्षर लिहा. तारखेचा कागद असेल तर "प". कागद नाही पण एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी तेच सांगितलं तर "ब", म्हणजे बहुतेक. एकाने सांगितलं, व्हॉट्सअपवर आलं, गाइडने सांगितलं तर "ऐ", ऐकीव. लेखात ऐकीव गोष्ट जरूर टाका, ती मजेची असते, फक्त "लोक असं सांगतात" असं म्हणून टाका. दोन कागद भांडत असतील तर जुना लगेच जिंकत नाही, जो नावासाठीच केलाय (ठराव, ले-आउट) त्याचं वजन जास्त. लाइट बिलावरचं नाव मीटर लावणाऱ्याने ऐकून लिहिलेलं असतं.

टप्पा ९: लिहिताना

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तुमच्या शोधात असं जुनं नाव निघालं तर मथळ्यात, फ्लेक्सवर मिरवू नका. तिथं राहणाऱ्यांना आधी भेटा, जुनं नाव छापायचं की नुसतं "पूर्वी जातिवाचक नाव होतं" म्हणायचं हे त्यांना विचारून ठरवा.

प्लॉट पाडणारा हयात असेल, त्याचे वारस असतील तर पूर्ण नाव, गट नंबर, भाव असलं काही छापायचं नाही. "मूळ शेतमालकाच्या आईच्या नावावरून" एवढं पुरतं. गुंठेवारीच्या वस्तीत तर अजून जपून, एखादं वाक्य कोणाच्या तरी नियमितीकरणाच्या फायलीत जाऊन बसायचं.

छापण्याआधी ज्यांनी कागद दाखवले त्यांना मजकूर वाचून दाखवा. फोनवर नाही, घरी जाऊन. मी लक्ष्मीनगरचा दुरुस्त लेख काकूंना वाचून दाखवला तर त्यांनी मध्येच थांबवलं, "चौऱ्याऐंशी नाही रे, ते खत दुसऱ्या प्लॉटचं, आमचं पहिलं ब्याऐंशीचं हाय," आणि पुन्हा पेटी ओढली.